तिसऱ्या कॉर्नेटची तक्रार

मंडळी, गेल्या अंकात आम्ही मस्कतच्या गच्चीवर हापूसचं रोप जगवण्याच्या प्रयोगाबद्दल लिहिलं होतं. रोप गेलं. फोन करून चौकशी करणाऱ्या सर्वांचे आभार. या खेपेस दुसऱ्या एका प्रयोगाची हकीकत सांगायची आहे. त्यात कुणाचा जीव गेला नाही, पण आमच्या घरात आठ दिवस अबोला होता आणि चूक सर्वस्वी आमची होती.

आमच्या कन्येच्या शाळेत पितळी वाद्यांचा एक छोटा बँड आहे. सतरा मुलं, वयं दहा ते पंधरा. शिकवणारे मास्तर गोव्याचे, उमर लष्करी बँडात गेलेली. साठी उलटली तरी छाती पुढे काढूनच चालतात. हिवाळ्यात चार शाळांची मिळून बँडस्पर्धा ठरली. पालकसभेत कुणीतरी म्हणालं, "सिनेमाची गाणी काय, सगळेच वाजवतात. आपल्या मुलांना काहीतरी चॅलेंजिंग हवं." लगेच दुसऱ्या कुणीतरी आमच्याकडे बोट दाखवलं, "यांनी इंग्लंडात बँड वाजवलाय!" बँड वाजवणे हा वाक्प्रचार मराठीत ज्या अर्थाने वापरतात, त्या अर्थाने ते खरंच होतं.

२००५ साली आम्ही यॉर्कशायरात हडर्सफील्डला एम.एस्सी. करत होतो. आमच्या खोलीसमोरच तिथल्या बँडची तालमीची जागा होती. आमची खोली गार, त्यांची गरम, एवढ्याच कारणाने आम्ही तिथे जाऊन बसू लागलो आणि त्या भल्या माणसांनी रिकामं बसू न देता हातात टेनर हॉर्न दिला. वर्षभर आम्ही तो फुंकला. वाजला किती, हा प्रश्न वेगळा.

ब्रास बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात येते, नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीतला पुण्याचा प्रभात किंवा दरबार बँड. इंग्लंडातला अस्सल ब्रास बँड थोडा निराळा. त्यात क्लॅरिनेट नाही, सॅक्सोफोन नाही, नुसतं पितळ. कॉर्नेट, फ्लूगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा, असे पंचवीस-एक वादक आणि ताल धरणारे. खाणकामगार, गिरणीकामगार यांनी उभे केलेले हे बँड. खाणी बंद पडल्या, गिरण्या बंद पडल्या, पण कितीतरी बँड अजून वाजताहेत. आणि ते वाजताहेत त्यात मोठा वाटा स्पर्धांचा.

ईस्टरनंतर साधारण आठ आठवड्यांनी येणाऱ्या शुक्रवारी तिथल्या सॅडलवर्थ भागात बँडची जत्राच असते. डेल्फ, डॉबक्रॉस, अपरमिल अशी टेकड्यांतली गावं, प्रत्येक गावाची आपापली स्पर्धा. बँड बसमधून उतरतो, रस्त्यातून वाजवत जातो, चौकात उभा राहून एक मार्च वाजवतो, की पळत बसमध्ये, पुढच्या गावाला. आपली गोविंदा पथकं ट्रकमधून एका हंडीवरून दुसऱ्या हंडीकडे धावतात ना, अगदी तसं. फरक इतकाच की परीक्षक कुणाला दिसत नाही. तो बिचारा पडदे ओढलेल्या कॅरव्हॅनमध्ये किंवा माडीवरच्या बंद खोलीत बसलेला असतो. कोणता बँड वाजवतोय हे त्याला कळता कामा नये. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता नंबर, त्यातलाच प्रकार.

मोठ्या स्पर्धांमध्ये तर प्रश्नपत्रिकाही एकच. सर्व बँडांनी एकच नेमलेली रचना वाजवायची. पूर्वी त्यासाठी ऑपेरांतले तुकडे जोडून दिले जात. १९१३ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी पर्सी फ्लेचरने 'लेबर अँड लव्ह' ही खास बँडसाठी नवी रचना केली आणि पेपर काढणं हा स्वतंत्र उद्योग झाला. १९२८ चा पेपर होता गुस्ताव होल्स्टची 'मूरसाइड स्वीट'. हा होल्स्ट म्हणजे संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावणारा गृहस्थ, स्वतः ट्रॉम्बोन वाजवून पोट भरलेला. १९३० ला खुद्द एल्गार आला 'सेव्हर्न स्वीट' घेऊन. मात्र वाद्यांची वाटणी हेन्री गील नावाच्या जाणकाराने करून दिली. आणि १९७३ साठी विल्फ्रेड हीटनने लिहिलेलं 'कॉन्टेस्ट म्युझिक' लोकांना इतकं अवघड आणि परकं वाटलं, की ते बाजूला ठेवलं गेलं. राष्ट्रीय स्पर्धेत वाजायला १९८२ उजाडलं. पेपर सेट करणाऱ्याला शिव्या देण्याची रीत फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.

हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. तरी आम्ही काय केलं? अवघड लिहायचं म्हणजे भरभर लिहायचं, असं ठरवून मोकळे झालो. पहिल्या कॉर्नेटला सोळा-सोळा स्वरांच्या सरी. मध्येच सात मात्रांचा ताल. युफोनियमला वर चढायला लावून तिथेच सोडून दिलेलं. आणि शेवटी सगळ्या बँडचा एक दणदणीत स्वरमेळ, आठ मात्रा लांबवलेला. दोन महिने रात्री जागून पाच मिनिटांचं संगीत झालं. सौ. म्हणाली, "ऐकायला बरं आहे, पण मध्ये श्वास कधी घ्यायचा?" आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष केलं. हे आमचं नेहमीचंच, आणि त्याचा परिणामही नेहमीचाच.

पहिल्या तालमीत मास्तरांनी चष्मा काढला, कागद पाहिला, पुन्हा चष्मा लावला आणि म्हणाले, "साहेब, हें भुरग्यांनी वाजोवंक बरयलां काय भुरग्यांक मारूंक?" आम्ही हसलो. मुलं हसली नाहीत.

तीन आठवड्यांत पहिल्या कॉर्नेटवरच्या दोन हुशार मुलांनी आपापल्या सरी घोटून पाठ केल्या. बाकीचे पंधरा जण मागे फरफटत. आमची कन्या तिसऱ्या कॉर्नेटवर. तिसरं कॉर्नेट म्हणजे शेवटचा बाक. त्यांना आम्ही दिलं होतं काय, तर पानभर विश्रांती आणि शेवटच्या स्वरमेळात सर्वांत खालचा सी-शार्प. तो स्वर दर तालमीला चढाच लागायचा. एकदा आम्ही तालीम थांबवून सर्वांसमोर तिला म्हणालो, "एकच स्वर आहे तुला, तोही धड लागत नाही?" ती काही बोलली नाही. घरी येऊन कॉर्नेट पेटीत ठेवलं, पेटी पलंगाखाली सरकवली आणि आईला म्हणाली, "मी बँड सोडतेय. माझं बोट बरोबर असतं, फुंकर बरोबर असते, तरी स्वर चुकीचाच येतो. बाबाला विचार का ते."

बाबाने रात्री बसून हिशेब केला. आता हे लिहिताना शरम वाटते, कारण आमचा धंदाच नळ्यांचा. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात आम्ही पायपांची लांबी मोजून पोट भरतो. कॉर्नेट म्हणजे तरी काय, गुंडाळलेली नळी. बटण दाबलं की व्हॉल्व्ह खाली जाऊन नळीत एक तुकडा जोडला जातो, लांबी वाढते, स्वर उतरतो. दुसऱ्या बटणाने अर्धा स्वर, पहिल्याने एक, तिसऱ्याने दीड. ग्यानबाची मेख अशी की हे तुकडे मूळ नळीच्या मापाने कापलेले असतात. दोन-तीन एकदम दाबले की नळी आधीच लांब झालेली असते, तिला आणखी लांब तुकडा हवा, पण मिळतो तो जुन्याच मापाचा. तिन्ही बटणं दाबली की नळी साधारण ३७ टक्के वाढते; लागतात ४१. म्हणजे हिशेबाने स्वर जवळजवळ पाव स्वर चढा. खालचा सी-शार्प तिन्ही बटणांचा. चांगल्या कॉर्नेटला तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी बोटाने पुढे सरकवायची सोय असते, मोठ्या युफोनियमना ही तूट आपोआप भरून काढणारी जादा नळ्यांची योजना असते. शाळेच्या त्या जुन्या कॉर्नेटची सरकती नळी कित्येक वर्षांपूर्वीच गच्च बसली होती. आम्ही पेटी पलंगाखालून काढली आणि ओढून पाहिली. हलली नाही.

पोरगी बरोबर होती. पितळ चुकत होतं, आणि पितळाला तसा स्वर द्यायला सांगणारे आम्ही.

सकाळी तिची माफी मागितली. तिने ऐकून घेतली, दूध प्याली आणि शाळेत गेली. आम्ही मास्तरांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं ते असं: भरभर वाजवणं दोन पोरं शिकतात, परीक्षा त्यांचीच होते. सगळ्या बँडची परीक्षा घ्यायची तर सगळ्यांना हळू आणि सावकाश वाजवायला द्या. ओठाखाली हवा कमी असताना स्वर न थरथरता धरायचा, एकमेकांचं ऐकायचं, एकदम सुरू करून एकदम थांबायचं. तिथे लपायला जागा नसते. त्यावरून आठवलं, होल्स्टच्या त्या रचनेतही दोन जोरकस भागांच्या मधोमध एक संथ रात्रगीत आहे, आणि हडर्सफील्डचे म्हातारे वादक घाबरायचे ते त्यालाच.

मस्कतमध्ये बँडला तोटा नाही. दिवंगत सुलतान काबूस सँडहर्स्टला शिकले, स्कॉटिश पलटणीत राहिले, त्यामुळे दिशदाशा-कुम्माच्या या देशात बॅगपाइपसुद्धा घरची झाली. १९८५ साली त्यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला तोही ओमानी मुलामुलींना अगदी श्रीगणेशापासून शिकवून. मास्तर म्हणाले, "त्यांना पहिल्या दिवशी कुणी सात मात्रांचा ताल दिला नव्हता, साहेब."

मग सगळं पुन्हा लिहायला घेतलं. सरी निम्म्या केल्या. मधला भाग नवा, संथ, झिंझोटीत. मास्तरांना शंका, की पितळेवर राग कसा निघणार? मींड फक्त ट्रॉम्बोनला, बाकीचे बटणवाले. आम्ही त्यांना मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांची गोष्ट सांगितली. राष्ट्रगीत कोणतं असावं याची चर्चा चालू होती तेव्हा 'वंदे मातरम्'वर एक आक्षेप असा होता, की ते बँडवर नीट वाजणार नाही. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी घटना समितीत केलेल्या निवेदनातही वाद्यवृंदाचा हा मुद्दा होता. कृष्णरावांनी नुसता वाद घातला नाही. झिंझोटीत बांधलेली आपली चाल पाश्चात्य बँडसाठी बसवली आणि दिल्लीत ऐकवून दाखवली. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय 'जन गण मन'चा झाला, 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान मिळाला. पण एवढा कडक परीक्षक आणि एवढी मोठी स्पर्धा बँडसाठी लिहिणाऱ्या कुठल्या मराठी माणसाच्या वाट्याला आली असेल?

झिंझोटीचा आणखी एक फायदा झाला, तो आम्ही योजलेला नव्हता. आमच्या पट्टीत शुद्ध निषाद म्हणजे तोच छळवादी सी-शार्प. झिंझोटीत निषाद कोमल. कोमल निषाद म्हणजे साधा सी, कॉर्नेटवर एकही बटण न दाबता येणारा, भरीव आणि खरा. मंद्रात रमणारा राग, त्यामुळे तो तिसऱ्या कॉर्नेटच्या बरोबर टप्प्यात. चार ओळी फक्त तिसरं कॉर्नेट आणि खाली ट्यूबा, बाकी सारा बँड गप्प. कागद आम्ही जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर गेलो. परत आलो तेव्हा पेटी पलंगाखाली नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी एक घोळ होता होता राहिला. बाहेर अंगणात तीस अंश, हॉलमध्ये एसी लावून वीस. हवा गार झाली की ध्वनीचा वेग घटतो, स्वर उतरतो. लहानसं कॉर्नेट फुंकरीने पटकन गरम होतं, ट्यूबा मात्र हॉलच्याच हवेवर चालतो. बाहेर सूर जुळवून आत गेलो असतो तर त्या चार ओळींत बापलेक नव्हे, कॉर्नेट-ट्यूबा भांडले असते. मास्तरांनी अर्धा तास आधीच सगळी वाद्यं हॉलच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. आम्हाला वाटलं राखण करताहेत.

परीक्षक पडद्याआड नव्हते, पहिल्या रांगेत सोफ्यावर होते, समोशासकट. संथ भाग आला. कन्येने आमच्याकडे पाहिलं नाही, मास्तरांच्या हाताकडे पाहिलं. चार ओळींत एका ठिकाणी श्वास तुटला, दोन मात्रांनी पुन्हा धरला. निषाद लागला.

चारांत तिसरा नंबर आला. पहिला आलेल्या शाळेने सिनेमाचंच गाणं वाजवलं, आणि फार छान वाजवलं.

गाडीत बसल्यावर कन्या म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी दुसऱ्या ट्रॉम्बोनला काहीतरी दे ना. तो बिचारा चोवीस ओळी नुसता मोजत बसतो, आणि मोजताना त्याचे ओठ हलतात."