दोन लिप्यांचे गाव आणि आवडते पुस्तक

वेगवेगळ्या मातृभाषांची दोन माणसे ठरवून भेटतात, निम्मा वेळ एकाच्या भाषेत आणि निम्मा दुसऱ्याच्या भाषेत बोलतात, एकमेकांच्या चुका सांगतात. भाषा शिकण्याच्या या रीतीला भाषेची देवाणघेवाण म्हणतात. युरोपात १९६० च्या दशकात फ्रेंच आणि जर्मन तरुणांच्या एकत्रित शिबिरांमधून तिला शिस्त आली आणि पुढे टँडेम या नावाने ती विद्यापीठांमध्ये रुजली. तिचे नियम दोनच. जेवढे घ्यायचे तेवढे द्यायचे, आणि काय शिकायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. शिक्षक नसतो, फी नसते, परीक्षाही नसते.

अडचण येते ती विषयाची. नाव, गाव, घरची माणसे, जेवणखाण एवढे बोलून झाले की चौथ्या-पाचव्या भेटीत गप्पा अडतात. रोजच्या बोलण्याला लागणारे व्याकरणही थोडेच असते. वर्तमानकाळ आणि आज्ञार्थ यांवर बाजारहाट उरकतो. आवडत्या पुस्तकाबद्दल बोलायला बसले की एवढ्यावर भागत नाही. कथानक सांगायला भूतकाळ लागतो, पात्राचा स्वभाव सांगायला विशेषणे लागतात, आणि नायिकेने तसे केले नसते तर काय झाले असते हे सांगताना संकेतार्थ टाळताच येत नाही. ‘मी पुस्तक वाचले’ म्हणणारा मराठी माणूस उर्दूत ‘मैंने’मधला ‘ने’ हमखास विसरतो, कारण मराठीत तो ‘त्याने’ला लागतो, ‘मी’ला लागत नाही. उर्दूभाषक अडखळतो तो नपुंसकलिंगाशी. ग्रंथ वाचला, कादंबरी वाचली, पुस्तक वाचले, ही तीन रूपे दोनच लिंगे असलेल्या भाषेतून येणाऱ्याला एकेका वाक्यात निवडावी लागतात. पुस्तक आवडीचे असेल तर माणूस ही खटपट आनंदाने करतो, कारण समोरच्याला ते पटवून द्यायची त्याला ओढ असते.

विदर्भातल्या अचलपुरात अशा देवाणघेवाणीसाठी सोबती शोधायला लांब जावे लागत नाही. १४९० ते १५७४ या काळात वऱ्हाडावर राज्य करणाऱ्या इमादशाहीची राजधानी हे गाव होते. नंतर ते निजामाच्या मुलखात आले आणि १८५३ साली वऱ्हाडासोबत इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. या इतिहासाने गावाला उर्दू दिली, भोवतालच्या खेड्यांनी वऱ्हाडी दिली. दुकानात, दवाखान्यात, बसस्टँडवर दोन्हींची सरमिसळ सर्रास चालते. कानावाटे होणारी देवाणघेवाण इथे पिढ्यान् पिढ्या चालू आहे. वाचनाच्या बाबतीत मात्र दोन्ही घरे एकमेकांना जवळजवळ अनोळखी आहेत. शेजारच्या घरातल्या फडताळात कोणती पुस्तके आहेत हे वीस-वीस वर्षांच्या ओळखीतही विचारले जात नाही.

याचे मोठे कारण लिपी आहे, आणि ती अडचण दोन्ही बाजूंना सारखी नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवली जाते, त्यामुळे तिथून बाहेर पडलेल्या मुलाला देवनागरी वाचता येते. मराठी माध्यमाच्या मुलासमोर मात्र उर्दू लिपी सहसा कधी येतच नाही. मराठी पुस्तक उघडायची वाट उर्दू वाचकाला मोकळी आहे, उलट दिशेची वाट बंद आहे. ‘जेवढे घ्यायचे तेवढे द्यायचे’ हा नियम धरला, तर अचलपुरात देणे मराठी वाचकाकडे निघते आणि ते त्याने लिपी शिकून फेडले पाहिजे. काम कष्टाचे आहे. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, शब्दातल्या जागेप्रमाणे अक्षराचे रूप बदलते, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत, ‘स’ या एका उच्चाराला तीन आणि ‘ज़’ला चार अक्षरे आहेत. पण अचलपूरच्या मराठी माणसाच्या कानाला यातले बरेचसे शब्द आधीच ओळखीचे असतात. शब्द ऐकून माहीत असला की न लिहिलेला स्वर आपोआप भरला जातो. ही सोय पुण्यात बसून उर्दू शिकणाऱ्याला नाही.

विदर्भात या वाटेने आधी गेलेली माणसे आहेत. नागपूरच्या उर्दू अभ्यासक आणि कवयित्री डॉ. जरीना सानी आणि पेशाने डॉक्टर असलेले डॉ. विनय वाईकर यांनी मिळून ‘आईना-ए-ग़ज़ल’ हा कोश केला. गझलांमधल्या उर्दू शब्दांचे अर्थ त्यात हिंदी, मराठी आणि इंग्रजीत दिले आहेत, सोबत उदाहरणादाखल शेर आहेत. एक उर्दूची जाणकार, एक मराठी रसिक आणि दोघांच्या आवडीचा एकच काव्यप्रकार, असा हा जोडकोश आहे. देवाणघेवाणीचे इतके टिकाऊ फळ क्वचितच मिळते. १९३२ साली अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी उर्दू गझलेचा आकृतिबंध मराठीत पक्का केला आणि नव्या कवींसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहून ते नियम मोकळेपणाने वाटले. महाराष्ट्रातले आणखी एक उदाहरण साने गुरुजींचे. १९३० च्या सत्याग्रहानंतर त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते दक्षिणेकडच्या कैद्यांसोबत होते. तिथे तमिळ शिकून त्यांनी ‘कुरल’ मराठीत आणले. भारतीय भाषा एकमेकींच्या जवळ आणण्याच्या, म्हणजे आंतरभारतीच्या, त्यांच्या स्वप्नामागे हा सहवास होता.

पुस्तक कोणते निवडावे, यात बहुतेकांची एक चूक होते. परक्या माणसासमोर आपल्या भाषेची शान दाखवणारा ग्रंथ काढला जातो, मग तो स्वतःला फारसा आवडत नसला तरी. दोन भेटींत दोघेही कंटाळतात. खरोखर रात्र जागून वाचलेले पुस्तक सांगावे, मग ती रहस्यकथा असली तरी चालेल. सुरुवातीला दोघांनीही वाचलेले काही असेल तर उत्तम, आणि त्यासाठी प्रेमचंद हाताशी आहेत. त्यांनी लेखनाला सुरुवात उर्दूत केली. १९०८ चा ‘सोज़-ए-वतन’ हा कथासंग्रह उर्दूच होता. त्यांची ‘ईदगाह’ ही कथा मराठी घरातल्या अनेकांनी शाळेत हिंदीतून वाचलेली असते, सोबत्याने ती उर्दूतून वाचलेली असते. हमीदने मेळ्यातून चिमटा का आणला हे दोघांनाही माहीत असल्याने सगळे लक्ष भाषेकडे देता येते.

मराठीकडून द्यायला उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० सालची कादंबरी अचलपुरासाठी फार योग्य आहे. कौतिक या बाईची संसार तगवण्याची झुंज त्यात आहे आणि तिची माणसे वऱ्हाडी बोलतात. मुंबईच्या वाचकाला हे संवाद जड जातात. अचलपूरच्या उर्दूभाषकाला मात्र निवेदनातल्या प्रमाण मराठीपेक्षा तेच सोपे वाटण्याचा संभव अधिक, कारण ही बोली त्याने लहानपणापासून ऐकली आहे. त्याला शाळेत मिळालेली मराठी पाठ्यपुस्तकी असते, बाजारात मिळालेली वऱ्हाडी असते, आणि दोन्ही एका पानावर भेटतील अशी पुस्तके थोडी आहेत.

प्रत्यक्ष बैठकीत आपले पुस्तक सोबत्याच्या भाषेत सांगावे आणि सोबत्याचे आपल्या भाषेत ऐकावे. बोलणे चालू असताना दर वाक्याला चूक काढू नये, टिपून ठेवावी आणि शेवटी सांगावी. एखादे प्रकरण मोठ्याने वाचून घेतले की उच्चार सुधारतात. मतभेद झाला तर तो मिटवायची घाई करू नये. एखाद्या पात्राची बाजू घेऊन परक्या भाषेत भांडता येणे ही चांगली प्रगती आहे.

उर्दूचा विचार येथवर झाला, पण अचलपूरला लागून परतवाडा आहे आणि परतवाड्यापलीकडे मेळघाट. तिथली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाली आणि मुंडारीची नातेवाईक. संस्कृतातले द्विवचन मराठीने टाकले, कोरकूत ते आजही आहे. कोरकूत छापील पुस्तके अगदी कमी असल्यामुळे कोरकू सोबत्याला आवडते पुस्तक विचारून उपयोग नाही. आवडती गोष्ट विचारावी. ऐकलेले लिहून काढण्याची परंपरा याच परिसरात मोठी आहे. गुजरातेतून आलेल्या चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या सहवासातल्या माणसांना विचारून म्हाइंभटांनी तेराव्या शतकात गोळा केल्या, त्यातून रिद्धपुरात ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. आता त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे. कोरकू गोष्टही अशीच देवनागरीत उतरवून घ्यावी, सांगणाऱ्याला वाचून दाखवावी, तो म्हणेल तिथे दुरुस्त करावी आणि तिची एक स्वच्छ प्रत त्याच्याकडे द्यावी.