शाळा अजून सुटली नाही?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास लिहिलेत, आणि त्यात तयारीचे तासही धरलेत. मालवणच्या बाजारात मात्र समज असा, की घंटा झाली की मास्तरीण मोकळी. माझी तयारी रात्री होते. उर्दूच्या वह्या उजवीकडून उघडायच्या, मराठीच्या डावीकडून, डोळे तेच. हे तास घरच्यांच्या वाट्यातून जातात.

याच कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच शाळाबाह्य कामं मान्य करतं. तरी जानेवारी २०२४ मध्ये मराठा सर्वेक्षणासाठी राज्यभर शिक्षक दारोदार फिरले. बाकी ऑनलाइन माहितीचा तर हिशेबच नाही. गेल्या रमजानात इफ्तारला दहा मिनिटं असताना व्हॉट्सॲपवर आलं, 'माहिती तात्काळ भरा.' फळं तशीच राहिली, मी मोबाइल घेऊन बसले. धाकटी म्हणाली, "अम्मी, शाळा अजून सुटली नाही?"

निवडणुकीच्या कामाला माझी ना नाही. पण तयारीचे तास वेळापत्रकात दिसायला हवेत, आणि शाळेच्या वेळेतच मिळायला हवेत. पुढच्या पालकसभेत ती ४५ तासांची ओळ मी फळ्यावर लिहिणार आहे, दोन्ही लिपींत.