सुवास मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी जमीन विचारा

बारामती-इंदापूर पट्ट्यात शोभेच्या झाडांची मागणी वाढते आहे. नवे बंगले, पुणे-सोलापूर महामार्गालगतची हॉटेले, मंगल कार्यालये, शेततळ्याच्या काठावर बांधलेली घरे, सगळ्यांना बाग हवी असते आणि बागेला सुवास हवा असतो. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करते आणि विचारते, "हे झुडूप मिळेल का? बाराही महिने हिरवं राहतं म्हणे." पडद्यावर असतो ऑस्मॅन्थस. आमच्या वाचकांपैकी अनेक जण रोपवाटिका चालवतात, काही जण बागांची कंत्राटे घेतात. या प्रश्नाला उत्तर काय द्यायचे, हे त्यांना रोज ठरवावे लागते. आमचे मत असे की, इंदापूरच्या चुनखडीच्या जमिनीत लावण्यासाठी हे झाड विकू नये.

झाडात खोट काहीच नाही. ऑस्मॅन्थस फ्रॅग्रन्स हे मोगरा, जाई, पारिजातक यांच्याच कुळातले. हिमालयापासून दक्षिण चीनमार्गे जपानपर्यंत त्याचे घर आहे आणि कुमाऊँत त्याला सिलंग म्हणतात. जाड, गर्द पानांच्या बगलेत तांदळाच्या कण्यांएवढी फुले झुबक्याने येतात. पांढरट, पिवळी, केशरी असे त्यांचे रंग. वास पिकलेल्या जर्दाळूसारखा, आणि तो झाडापासून बराच लांबवर जातो. चीनमधल्या ग्वेलिन शहराचे नावच या झाडांवरून पडले आहे. तिथे फुले चहात घालतात, मिठाईत घालतात, अत्तराच्या धंद्यातही त्यांना मोठा भाव आहे. असे झाड आपल्या अंगणात असावे असे कोणाला वाटले, तर त्यात त्याचे काही चुकत नाही.

पण त्याला माती हवी किंचित आम्लधर्मी, भुसभुशीत, पाण्याचा झटकन निचरा होणारी. हवा दमट हवी. उन्हाळा मवाळ हवा आणि पावसाळा सरताना रात्री चांगल्या गार व्हायला हव्यात, कारण त्या गारव्याशिवाय त्याची कळी नीट उमलत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या लाल जांभ्या मातीत प्रयोग करायला जागा आहे. इंदापुरात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि ऑक्टोबरची उष्णता तर सगळ्यांच्या परिचयाची.

त्याहून मोठी अडचण जमिनीची. या भागातल्या जमिनीवरचा अभ्यास जुना आहे. निरा डावा कालवा सुरू झाल्यावर काही दशकांतच खोऱ्यात मीठफुटी दिसू लागली, आणि १९१० साली शेतीशास्त्रज्ञ हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांनी निरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यासाठी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. शंभर वर्षांपूर्वी उसासाठी झालेला तो विचार आज बंगल्याच्या बागेला तितकाच लागू आहे, कारण बंगला त्याच शेतात उभा राहतो आणि बागेला पाणीही त्याच कालव्याचे नाहीतर बोअरचे मिळते. माळावर गेलात तर खारवट चोपण जमिनीऐवजी मुरूम लागतो. तसल्या खडकाळ मुरमाड जमिनीत फळझाडे कशी जगवायची, यावर माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत काम चालू आहे. रोपवाटिकावाल्यांनी एकदा तिथले प्रक्षेत्र बघून यावे. खड्डा किती खोल घ्यायचा, भरायचे काय, हे डोळ्यांनी बघितलेले जास्त उपयोगी पडते.

गिऱ्हाइकाकडे पाहणीला जाल तेव्हा एक साधी गोष्ट करा. हातभर खोलीची चिमूटभर माती बशीत घ्या आणि वर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली तर चुनखडी आहे. मग सामू आठच्या वर असणार हे धरून चाला आणि झाडांची यादी तिथेच बदला.

ही यादी न बदलल्याचा परिणाम आपण अनंताच्या बाबतीत दरवर्षी बघतो. पॉलिबॅगमध्ये कोकोपीट आणि लाल मातीत वाढलेला अनंत हिरवागार, कळ्यांनी लगडलेला असतो. तो आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जातो आणि दुसऱ्या हंगामात शेंड्याची पाने पिवळी पडतात. पान उन्हात धरून बघा, शिरा हिरव्या राहिलेल्या आणि मधला भाग लिंबासारखा पिवळा. लोह जमिनीत असते, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. माळी युरिया टाकतो, पाणी वाढवतो, त्याने दुखणे आणखी वाढते. हिराकसची फवारणी केली की पंधरवडाभर पान सुधारते, पुन्हा पिवळे. जमिनीतून द्यायचेच असेल तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह द्यावे लागते, स्वस्त ईडीटीए इतक्या सामूला टिकत नाही. हा खर्च किती बंगलेवाले वर्षानुवर्षे करतील? अनंत विकायचाच तर मोठ्या कुंडीत, वेगळ्या मिश्रणात आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर विकावा, आणि हे सगळे आधी सांगूनच विकावा. ऑस्मॅन्थसचा हट्टच धरणाऱ्याला हाच सल्ला द्यावा आणि दुपारची सावली त्यात जोडावी.

मग काळ्या जमिनीत लावायचे काय? आमचे पहिले उत्तर कुंती. गर्द, चकचकीत, सदाहरित. कात्री सोसते, उन्हाळा सोसते, वासाला कोणाच्या मागे नाही. तरीही इंदापुरात शेकडो कुंत्या उभ्या असून फुललेली कुंती फार थोडी दिसते. त्याला कारण आपण आहोत. कुंतीची फुले नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात, आणि आपला माळी दर महिन्याला तोच शेंडा सरळ रेषेत कापून टाकतो. कुंपण बघायला सुबक होते आणि वास कचऱ्याच्या टोपलीत जातो. छाटणी बहर ओसरल्यावर करायची, मग पुढचा बहर येईपर्यंत शेंड्यांना हात लावायचा नाही, एवढा नियम कंत्राटात लिहून घ्या. ज्यांना चौकोनी भिंतच हवी त्यांना दुसरे झाड द्या.

बहराचे तंत्र तर इंदापूरकरांना नव्याने शिकवण्याची गरज नाही. डाळिंबाची बाग ताणावर सोडणे, मग छाटून, खत घालून पाणी देणे आणि बहर धरणे, हे ज्याच्या हाडात मुरले आहे त्याने तेच कुंतीला करून पाहावे. कुंती लिंबाच्या कुळातली, ताणाला ती तसाच प्रतिसाद देते. दुपारी पान किंचित मरगळू लागेपर्यंत पाणी तोडा. मुरमात हे लवकर होईल, भारी जमिनीत वेळ लागेल. मग मुळापर्यंत भिजेल असे पाणी सोडा. पुढच्या काही आठवड्यांत शेंड्याशेंड्यावर कळ्यांचे घोस येतात. एखाद्या घरी लग्न असेल, वास्तुशांत असेल, तर त्या बेताने पाणी तोडता येते. डाळिंबवाल्याच्या हातची ही विद्या शोभेच्या बागेत आणणे हे आपल्या धंद्यातले मोठे काम आहे, आणि ते आपल्याच तालुक्यातले लोक सर्वांत चांगले करू शकतील.

जागाही विचारपूर्वक निवडा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, कुंतीचा भर त्याच दिवसांत असतो. तेव्हा झाड घराच्या पश्चिमेला, बसायच्या ओट्यापासून थोडे दूर लावले तर संध्याकाळी वास आपोआप घरात येतो. फाटकाशेजारी लावलेल्या कुंतीचा वास रस्त्यावरच जातो.

कुंतीविषयी एक सावधगिरी मात्र कडकपणे पाळायला हवी. लिंबूवर्गीय फळांवरच्या ग्रीनिंग रोगाचा प्रसार करणारी सिट्रस सायला ही कीड कुंतीच्या कोवळ्या फुटीवर आनंदाने वाढते. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ही कीड १९९८ मध्ये सापडली, ग्रीनिंग २००५ मध्ये, आणि कीड राज्यभर पसरण्यात रोपवाटिकांतून विकल्या गेलेल्या कुंतीचा मोठा हात होता. लिंबाची, मोसंबीची बाग जवळ असेल तिथे कुंतीचे कुंपण लावू नका. रोपवाटिकेत लिंबाची कलमे आणि कुंतीची रोपे शेजारी ठेवू नका. नव्या फुटीवर वाकडी झालेली पाने, मेणचट पांढरे धागे दिसले तर ती रोपे बाहेर जाता कामा नयेत, मग ऑर्डर कितीही मोठी असो.

लिंबू-मोसंबीच्या बागेजवळ कुंतीऐवजी करवंद लावा. माळावरचे काटेरी झुडूप म्हणून बंगलेवाला नाक मुरडेल, पण त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेली जाळी दाखवा. जुईच्या वळणाचा वास, बारमाही हिरवी चामडी पाने, मुरमात मजेत वाढणारे मूळ, वर फळही. कुंपणाला मेंदीही चांगली, तीच हात रंगवायची. तिच्या फुलांपासून हिना अत्तर काढतात, हे ती रोज कापणाऱ्या माळ्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. एक बाजू न कापता सोडली की ती आपणच सांगते. मोठ्या आवारात बकुळ. ती सावकाश वाढते म्हणून कंत्राटदार टाळतात, पण कायमची हिरवी सावली आणि सुकल्यावरही टिकणारा वास या दोन गोष्टी एकत्र देणारे दुसरे झाड या हवेत आम्हाला तरी दिसत नाही.

या सगळ्यांची रोपे चांगली मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. कुंतीचे पिकलेले लाल फळ चोळून, गर धुऊन ताजे बी लगेच पेरायचे. ठेवलेले बी उगवत नाही. करवंदाचेही तसेच. चांगला वास आणि भरपूर बहर असलेली झाडे आपल्याच गावातून निवडून त्यांच्या गुट्या बांधायला पावसाळा हा हंगाम. प्रत्येक रोपवाटिकेने निदान एक मातृवृक्ष फुलू द्यावा, म्हणजे गिऱ्हाइकाला मोबाइलवरच्या चित्राऐवजी खरा वास घेता येईल.

इंदापूर, बारामती, दौंड, माढा या भागांत कोणी ऑस्मॅन्थस दोन उन्हाळे जगवला असेल, तर माती, पाणी, सावली आणि फुलण्याचा महिना या नोंदींसह आम्हाला कळवावे. कुंतीला ताण देऊन पाहणाऱ्यांनी पाणी तोडल्याची, पाणी सोडल्याची आणि पहिली कळी दिसल्याची तारीख लिहून ठेवावी. या नोंदी आम्ही जमिनीच्या प्रकारानुसार लावून छापू.