कलम ११ चे शूर, कलम ६ चे परके



रशियाच्या फौजेत भरती झालेले सहा नेपाळी तरुण युद्धात मारले गेल्याचे नेपाळ सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. पुढच्याच महिन्यात रशियाने फर्मान काढले, की किमान एक वर्षाचा करार करणाऱ्या परदेशी सैनिकाला आणि त्याच्या कुटुंबाला झटपट नागरिकत्व मिळेल. आपल्याकडे यावर भरपूर हळहळ झाली. गरीब देशाच्या पोरांना पासपोर्टाचे गाजर दाखवून तोफेच्या तोंडी देणे नीचपणाचे आहे, यात वादच नाही. पण दुसऱ्याच्या गाजरावर थुंकणाऱ्याने आपल्या ताटात काय वाढले आहे तेही पाहावे. नेपाळच्याच तरुणांना आपण स्वातंत्र्यापासून फौजेत घेत आलो आणि नागरिकत्वाचा साधा शब्दही कधी दिला नाही. रशियाने निदान किंमत तरी सांगितली. आपण ‘आयो गोरखाली’ ही गोरखा पलटणींची रणगर्जना ऐकून टाळ्या वाजवल्या आणि मोकळे झालो.

आपल्या देशाचे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचा. १९५० च्या सेना कायद्याचे कलम ११ म्हणते, की भारताचा नागरिक नसलेल्याला केंद्र सरकारच्या लेखी संमतीशिवाय फौजेत घेता येणार नाही. मात्र नेपाळच्या प्रजाजनांना ही आडकाठी नाही. एवढा मोठा दरवाजा जगात फार थोड्या देशांनी कायद्यात लिहून ठेवला असेल. आपल्या चेन्नईत सेंट थॉमस माउंटजवळच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ज्या परीक्षेतून प्रवेश मिळतो, तिच्या पात्रतेच्या यादीतही भारतीय नागरिकाच्या खालोखाल नेपाळचा प्रजाजन आहे. म्हणजे भारताचे नागरिकत्व नसलेल्याच्या खांद्यावर भारताचे तारे लावायला कायद्याची हरकत नाही. आता १९५५ चा नागरिकत्व कायदा उघडा. त्याच्या कलम ६ मध्ये एक सवलत आहे. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांची लक्षणीय सेवा करणाऱ्या परदेशी व्यक्तीला नागरिकत्वाच्या साऱ्या अटी माफ करता येतात. यादी सुंदर आहे. तिच्यात कवी आहे, चित्रकार आहे, तत्त्वज्ञ आहे. ज्याने या देशासाठी गोळी खाल्ली तो मात्र नाही.

‘सैनिकाने रीतसर अर्ज करावा, कोण अडवतो?’ असे विचारणारे कायदेपंडित भेटतात. तर रीतसर अर्जाचे गणित मांडू. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने, आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी किमान ११ वर्षे, माणूस भारतात राहिलेला किंवा सरकारी सेवेत असलेला हवा. सेवा मोजली जाते, हे खरे. पण १४ वर्षांची ही खिडकी दरवर्षी पुढे सरकते. १७ वर्षे नोकरी करून हवालदार निवृत्त झाला, म्हाताऱ्या आईबापांसाठी चार वर्षे नेपाळात लमजुंगला राहिला आणि मग परत येऊन वर्षभर इथे घालवून अर्ज केला, तर त्या १४ वर्षांत सेवेची दहाच भरतात. सियाचीनला काढलेली वर्षे शिळी होतात! त्याच्या मुलांचे आणखी वेगळे. १ जुलै १९८७ पासून भारतात जन्मलेल्या मुलाचा आई किंवा बाप यांपैकी एक तरी भारतीय नागरिक असावा लागतो. आईबाप दोघेही नेपाळचे असतील, तर आपल्याच छावणीत, लष्करी रुग्णालयात जन्मलेले, बापाच्या परेडचा बिगुल ऐकत वाढलेले पोर परदेशी ठरते. आणि हा ११ चा आकडा ब्रह्मलिखित आहे असेही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतील सहा समुदायांसाठी त्याचे ५ केले. त्या दुरुस्तीच्या बऱ्यावाईटावर वेगळे पत्रक लिहावे लागेल. इथे एवढेच, की मनात आले तर संसद आकडा बदलते. सैनिकासाठी तसे कधी मनात आले नाही.

का आले नाही? आमचा राग इथे आहे: ‘हिशेब चुकता’ नावाच्या वृत्तीवर. पगार दिला, पेन्शन दिली, नेपाळात पोखऱ्याला आणि धरानला पेन्शनची कार्यालये उघडली. आता देणेघेणे संपले, असे ही वृत्ती म्हणते. मजा अशी, की परकी माणसे पैशासाठी लढतात म्हणून नाक मुरडणारे हेच लोक आपले सगळे देणे पैशातच मोजतात. ज्याला भाडोत्री म्हणायचे नाही, त्याच्याशी भाड्याचाच व्यवहार करायचा, हा कुठला न्याय? एकाच पलटणीच्या एकाच खंदकात एक जवान दार्जिलिंगचा असतो, एक लमजुंगचा. निवडणूक आली की पहिल्याला सेवा मतदार म्हणून मत देता येते, दुसऱ्याला नाही. समोरून येणारी गोळी मात्र कोणाचे कागद तपासत नाही. आणि आता पेन्शनचा तो आधारही गेला आहे. २०२२ च्या अग्निपथ भरती योजनेत चार वर्षांची नोकरी आणि पेन्शन नाही. त्यानंतर नेपाळने भरती रोखून धरली. पण ती उद्या सुरू झाली, तरी चौघांतल्या तिघांना चार वर्षांत घरी जावे लागेल. अनुसूची ११ वर्षे मागते. मग ‘हिशेब चुकता’वाले कशाच्या जोरावर ढेकर देणार?

उरलेले आक्षेप ठरीव आहेत. म्हणे १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी लोक इथे राहतात, धंदा करतात, घर घेतात. नागरिकत्व हवे कशाला? कारण तो करार दोन सरकारांचा आहे आणि कोणतेही एक सरकार वर्षभराची नोटीस देऊन तो मोडू शकते. सैनिकाचा हक्क दोन राजधान्यांच्या मर्जीवर टांगता ठेवायचा असेल, तर त्याला हक्क म्हणू नये. दुसरे, नेपाळ नाराज होईल, आणि दुहेरी नागरिकत्व चालत नसल्याने बहुतेकांना आपले सोडायचेच नसते. अगदी बरोबर! म्हणूनच आम्ही सक्ती मागत नाही, निवड मागतो. ज्याला नको त्याने घेऊ नये. पण कोणी जेवणार नाही असे गृहीत धरून पानच न मांडणे हा यजमानाचा कंजूषपणा झाला. तिसरे, परक्याच्या निष्ठेचे काय? १९८७ ला श्रीलंकेत जाफन्यात आणि १९९९ ला कारगिलच्या युद्धात खालूबारवर गोरखा पलटणी पुढे धाडताना हा प्रश्न कोणाला पडला नाही. जो संशय हातात रायफल देताना येत नाही आणि मतपत्रिका देताना येतो, त्याला संशय म्हणत नाहीत, सबब म्हणतात.

वसाहतवादाची जळमटे झटकल्याचे आपण उठताबसता सांगतो. पण भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्या १९४७ च्या त्रिपक्षीय करारात इंग्रजांच्या फौजेतल्या दहा गोरखा रेजिमेंटांची वाटणी झाली. सहा आपल्याकडे आल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. ब्रिटनही अनेक वर्षे ‘हिशेब चुकता’च म्हणत होता. २९ एप्रिल २००९ रोजी तिथल्या संसदेने २६७ विरुद्ध २४६ मतांनी सरकारला हरवले आणि महिनाभरात जुन्या गोरखा सैनिकांना कायम वास्तव्याचा हक्क मिळाला. फ्रान्स तर ‘फॉरिन लीजन’ या आपल्या परदेशी दलातल्या जखमी सैनिकाला सांडलेल्या रक्ताच्या नावाने नागरिकत्व देतो. धन्याने सवय सोडली. आपण ती वारसा म्हणून जपली.

चेन्नईच्या मराठी माणसाला तरी हे समजावून सांगायला नको. व्यंकोजीराजांची फौज तंजावरात आली ती विजापूरच्या चाकरीत, परकी फौज म्हणून. ती राहिली, तमिळ बोलू लागली, सांबाराला आपले म्हणू लागली, आणि तिचे वंशज आज याच शहरात मतदान करतात. तलवार घेऊन आलेल्यांना या मातीने साडेतीनशे वर्षांपूर्वी आपले मानले. आपल्याच बोलावण्यावरून आलेल्यांना आपण परके ठेवतो.

म्हणून मागणी थोडकी आहे. कलम ६ च्या त्या सुंदर यादीत ‘सैन्यसेवा’ हा शब्द घाला, सेवेची वर्षे खिडकीबाहेर टाकणे बंद करा, आणि छावणीत जन्मलेल्या मुलाला बापाच्या गणवेशाचा तरी आधार द्या. आपल्या खासदाराला पत्र लिहा, आणि त्यात एकच प्रश्न विचारा: कलम ११ लिहिताना जी शाई होती, ती कलम ६ पर्यंत येताना संपली कशी?