मोलेची फाईल अजून बंद झालेली नाही

मोलेचे जंगल वाचले, असे २०२२ पासून आपल्याकडे सर्रास बोलले जाते. निकाल शेवटपर्यंत वाचला तर इतके निर्धास्त राहता येत नाही. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक–कुळे लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता रद्द केली, हे खरे. पण जैवविविधतेवरील परिणामांचा सविस्तर अभ्यास करून रेल्वेला नव्याने प्रस्ताव मांडता येईल, हेही त्याच निकालात आहे. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर कर्जप्रकरण कायमचे नामंजूर झालेले नाही. कागदपत्रे अपुरी, असा शेरा मारून ते परत गेले आहे.

भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ पट्टा. १९६९ मध्ये अभयारण्य झाले आणि १९७८ मध्ये त्यातले १०७ चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. गोव्यातले हे एकमेव राष्ट्रीय उद्यान. रेल्वे मात्र त्याच्या कितीतरी आधीची. १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज कराराने मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाशी जोडायचे ठरले आणि १८८८ मध्ये गाडी घाट चढून कॅसलरॉकला पोचली. दूधसागर धबधब्यासमोरून जाणारी तीच ही वाट. अपेक्षेइतका माल काही मिळाला नाही आणि तोट्याचा भार पोर्तुगीज तिजोरीवर पडत राहिला.

दुसऱ्या मार्गाचा हिशोब तरी कुठे जुळत होता? या घाटात दर ३७ मीटरला एक मीटर चढ आहे. भरलेली मालगाडी वर न्यायची तर मागून रेटायला जादा इंजिने लागतात. (रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. आमच्यापैकी कुणी एवढे ओझे रेटले असेल असे वाटत नाही.) सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात नेमके यावरच बोट ठेवले. रेल्वेच्या सर्वांत अकार्यक्षम टप्प्याची क्षमता किंचित वाढवण्यासाठी नाजूक जंगल उद्ध्वस्त करण्याचे समर्थन होत नाही, असा त्याचा आशय. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा याच घाटाने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो, म्हणून विरोधाच्या सभांमध्ये कोळशाचा विषय सतत निघत असे.

मला कोळशापेक्षा पाण्याची काळजी जास्त वाटते. या डोंगरांतून येणारी दूधसागर नदी पुढे रगाडा नदीला मिळून खांडेपार होते आणि खांडेपारवर ओपाचा जलप्रकल्प आहे. फोंडा आणि तिसवाडीतल्या नळांना येणारे पाणी तिथले. पणजीत राहणाऱ्याला मोले लांब वाटते, ते नकाशावर.

आता प्रश्न व्याघ्र राखीव क्षेत्राचा. जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या म्हादई अभयारण्यात चार वाघ विषबाधेने मेले. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव हा सलग पट्टा तीन महिन्यांत व्याघ्र राखीव म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. वस्ती उठवावी लागेल, हे सरकारचे मुख्य कारण.

जंगलालगतच्या गावांची ही भीती खोटी नाही. पण तिचे मूळ वाघात नसून टेबलांवर पडलेल्या दाव्यांत आहे. वनहक्क कायदा २००६ चा. ज्याच्या काजूबागेचा कागद अजून झालेला नाही, त्याला जंगलाच्या सीमेवरची कोणतीही नवी पाटी आपल्याला हाकलायलाच आली असे वाटणार. त्याच निकालात उच्च न्यायालयाने वनवासींचे दावे बारा महिन्यांत निकाली काढायला सांगितले होते. गावसभांमध्ये आदेशाचा हा भाग फारसा कुणी वाचून दाखवला नाही. सरकारला गावकऱ्यांची एवढी चिंता होती, तर त्यासाठी अपिलाच्या निकालाची वाट पाहायची गरज नव्हती.

मोलेच्या दृष्टीने या दर्जाला आणखी एक महत्त्व आहे. व्याघ्र राखीव क्षेत्रातली जमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची तर वन्यजीव मंडळाच्या मान्यतेबरोबर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्लाही लागतो. म्हणजे रेल्वेने उद्या प्रस्ताव पुन्हा आणलाच, तर फाईलवर आणखी एक सही लागेल.