खांबाचा विचार कोणी करायचा?

बेंगळूरूत राहणाऱ्या मराठी माणसाला हेब्बाळ सहसा चुकत नाही. २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळचा विमानतळ सुरू झाल्यापासून पुण्या-मुंबईचे विमान गाठायचे तर बहुतेकांना येथूनच जावे लागते. बेल्लारी रस्ता आणि आउटर रिंग रोड येथे एकत्र येतात. दिशादर्शक फलक वेळेवर दिसला नाही तर मोठा वळसा पडतो. म्हणून फलकावरील अक्षरांविषयी आपण सारेच तावातावाने बोलतो. तो फलक ज्या खांबावर उभा आहे, त्याच्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

प्रशासनही याला अपवाद नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या निविदांत फलकाचा परावर्तक थर, रंग, हमीची वर्षे यांचा यथेच्छ काथ्याकूट असे. खांब मात्र ‘फलकासह’ या एका शब्दात उरकलेला असे. ठेकेदाराने मग हाताशी असलेला लोखंडी अँगल रोवला, तर दोष केवळ त्याचा कसा?

खांबाचा पहिला हिशेब वाऱ्याशी असतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात बेंगळूरूसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३३ मीटर, तर मुंबईसाठी ४४ मीटर धरला आहे. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वेगातील फरक एक-तृतीयांश असला, तरी मुंबईच्या फलकावर येणारा दाब जवळजवळ पावणेदोन पट भरतो. एकाच नकाशाचा खांब दोन्ही शहरांत रोवणे हा निव्वळ आळस होय. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला अजस्र फलक कोसळून १७ माणसे दगावली. तो जाहिरातीचा होता हे खरे; पण फलकावर काय लिहिले आहे ते वारा वाचत नाही.

यावर आपले ठरलेले उत्तर म्हणजे खांब जाड करा आणि भरपूर काँक्रीट ओता. येथेच आपण फसतो. वाऱ्याला न जुमानणारा ताठ खांब भरधाव मोटारीलाही जुमानत नाही. अमेरिकेत रस्त्यालगतच्या ठरावीक पट्ट्यातील खांब धडकेसरशी सुटणारा असावा, नाहीतर त्याच्यापुढे संरक्षक कठडा असावा, असा नियम आहे. अशा एका रचनेत जमिनीलगत दोन पोलादी पट्ट्या बोल्टांनी जोडलेल्या असतात. धडक बसताच वरची पट्टी खालचीवरून निसटते, खांब उडतो आणि गाडी पुढे जाते. पाया शाबूत राहिल्याने नवा खांब त्याच जागी लवकर बसवता येतो. यात खर्चाची ओरड करणाऱ्यांनी जुना पाया उखडण्याची मजुरीही मोजावी.

अर्थात हाही सर्वत्र लागू पडणारा तोडगा नव्हे. हेब्बाळच्या पुलाखाली बसची वाट पाहणाऱ्यांची दाटी असते. तेथे धडकेने उडालेला खांब मोटारस्वाराला वाचवील आणि पादचाऱ्याच्या डोक्यात बसेल. तेथे खांब पदपथाच्या कडेला, शक्य तर असलेल्या दिव्याच्या खांबावरच फलक, आणि वाहनांचा वेग मर्यादित, हेच शहाणपणाचे. विमानतळाकडे सुसाट जाणाऱ्या मार्गिकेलगत मात्र सुटणारा खांब हवा. वरच्या कमानीचे पाय काही झाले तरी सुटता कामा नयेत. त्यांच्यापुढे कठडाच हवा.

म्हणजे एकाच चौकात तीन प्रकारचे खांब लागतील. निविदेत त्यासाठी तीन ओळी लिहाव्या लागतात, आणि त्या लिहिण्यापूर्वी अभियंत्याला एकदा तेथे पायी फिरावे लागते.