मागे 'फोर बाय फोर' लिहिलं म्हणून गाडी बांधीत चालत नाही



रोवणीच्या दिवसांतली गोष्ट. शेजारच्या घरचा भाचा नागपूरवरून नवी गाडी घेऊन आला. उंच, चौकोनी, मागे मोठ्या अक्षरांत फोर बाय फोर. म्हणे, नहराच्या पाळीवरून सरळ बांधीपर्यंत येतो. मी म्हटलं, "बाबू, ही कन्हार माती हाये, रात्री पाणी पडलं. गाडी डांबरीवरच ठेव." तो म्हणे, "काका, ऑफ-रोड गाडी आहे, काही होत नाही."

वीस मिनिटांनी आमचा जुना ट्रॅक्टर साखळी लावून तिला ओढत होता. धुऱ्यावर रोवणाऱ्या बाया हसून हसून बेजार!

पोराला हसायला हे लिहीत नाही. गाडीवरचं लेबल खोटं नव्हतं. चारही चाकांना ताकद जात होती, तरी गाडी फसली. म्हणून या लेबलाचा खरा अर्थ समजून घ्यायला पाहिजे.

गाडी फसली तेव्हा मी वाकून पाहिलं. पुढचं एक चाक आणि मागचं एक चाक गरगर फिरत होतं. बाकी दोन जागच्या जागी. कारण डिफरन्शियल. वळताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगळ्या वेगानं फिरावं म्हणून ते असतं, पण चिखलात जे चाक घसरतं त्याच्याकडेच सगळा जोर पळतो. आपल्या ट्रॅक्टरला यासाठीच डिफ लॉकचा पेडल असतो. तो दाबला की दोन्ही चाकं बांधली जातात. गाडीत असा लॉक नसेल, तर 'फोर बाय फोर'ची चिखलात कधी कधी दोनच चाकं उरतात. काही गाड्या घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून हे काम करतात. मदत होते, पण पक्क्या लॉकची सर येत नाही.

दुसरी गोष्ट टायर. त्याचे टायर डांबरीचे होते. दोन चक्करात त्यांच्या खाचा कन्हार मातीनं भरल्या आणि चाक लाटण्यासारखं गुळगुळीत झालं. ट्रॅक्टरच्या टायरला उंच तिरप्या दांड्या असतात, त्या फिरता फिरता माती फेकतात. चिखल करायला आपण वरून लोखंडी केजव्हील लावतो ते काय हौस म्हणून?

आता शब्दांचं बघा. 'एसयूव्ही' म्हटलं की आपल्याला वाटते जंगलात चालणारी गाडी. डिसेंबर २०२२ मध्ये जीएसटी परिषदेनं जादा कराच्या एसयूव्हीसाठी मोजमाप सांगितलं: लोकांत एसयूव्ही म्हणून ओळख, इंजिन १५०० सीसीच्या वर, लांबी ४००० मिलिमीटरच्या वर, जमिनीपासून उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त. चारही चाकांना ताकद जाते का, हा प्रश्नच त्यात नाही. जुलै २०२३ मध्ये परिषदेनं हेही स्पष्ट केलं, की उंची म्हणजे रिकाम्या गाडीची उंची. आपली गाडी रिकामी कधी असते? पाच माणसं आणि मागे खताची चार पोती टाकली की ती खाली बसते, आणि नेमकी तेव्हाच धुऱ्याला घासते.

रूप पाहूनही कळत नाही. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. ज्याला डांबरीवरच फिरायचं त्याच्यासाठी ती वाईट नाही, पण घेणाऱ्याला फरक माहीत पाहिजे. 'ऑल व्हील ड्राइव्ह' लिहिलेल्या बऱ्याच गाड्यांत लो गिअर नसतो. थार फोर बाय फोर किंवा जिम्नीमध्ये त्यासाठी वेगळा लिव्हर असतो. जीपवाले आपल्या काही गाड्यांवर 'ट्रेल रेटेड' बिल्ला लावतात. त्यात पकड, उंची, चपळाई, चाकांची वर-खाली हालचाल आणि पाण्यातून जाणं अशा पाच गोष्टी पाहतात. बिल्ल्याला अर्थ आहे, पण तो कंपनीच आपल्या गाडीला देते आणि आपली बांधी त्या परीक्षेत नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. थारच्या माहितीत ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं लिहिलं होतं. हा आकडा वाचून कोणी पुरातल्या रपट्यावर गाडी घालू नये. तो शांत पाण्यातून हळू जाण्यासाठी आहे, वाहत्या नाल्यासाठी नाही. ढोबळ हिशोब करा. गाडीचा तळ चार मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद धरला तर सात चौरस मीटर. तळाला लागलेलं पाणी आणखी १० सेंटिमीटर चढलं, आणि आत शिरलं नाही, तर ७०० किलोपर्यंत उचल बसतो. तेवढं वजन चाकांवरून कमी होते, तेवढी पकड जाते, आणि बाजूनं प्रवाह ढकलतच असतो. अमेरिकेचं हवामान खातं सांगते, की वाहतं पाणी दोन फूट असलं की एसयूव्ही आणि पिकअपसुद्धा वाहून नेऊ शकते. दोन फूट म्हणजे जवळपास ६१० मिलिमीटर, लेबलवरच्या आकड्याच्याही आतच! आणि गढूळ पाण्याखाली रपटा शिल्लक आहे की खचला, हे कोणत्याच बिल्ल्यावर लिहिलेलं नसते.

माझं मत सरळ आहे. लेबलवर तीन गोष्टी मराठीत लिहायला पाहिजे: लो गिअर आहे का, डिफ लॉक आहे का, आणि भरलेल्या गाडीची उंची किती. बियाण्याच्या पिशवीवर उगवण शक्ती लिहावी लागते, मग लाखो रुपयांच्या गाडीवर नुसतं 'ऑफ-रोड' कसं चालते?

तोवर आपणच विचारायचं. धानाचे चुकारे आले की गावातली पोरं शोरूमला निघतात. जाताना हे तीन प्रश्न लिहून न्या, टायर पाहा, गाडीखाली वाकून बघा. लाजू नका. आपण बैल घेताना दात पाहत होतोच ना?

आणि रपट्यावरून पाणी जात असलं, तर गाडी कोणतीही असो, अलीकडे थांबा. पाणी उतरते. घरी वाट पाहणाऱ्यांना उशीर चालते.